गणितानंद द. रा. कापरेकर : देवळालीचे शिक्षक आणि बहात्तर लाख अंकांची मूळ संख्या



आजचा पाठ सुरू करण्याआधी वही आणि पेन्सिल घ्या. आपल्या वेल्ह्याच्या डोक्यावर उभा असलेला तोरणा किल्ला समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर उंच आहे. ही संख्या वहीत लिहा. आता तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा : ४३१०. मग लहानाकडून मोठ्याकडे : ०१३४. वजाबाकी करा. उत्तर आले ४१७६. याच उत्तरावर पुन्हा तेच करा. ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४.

आता शेजारच्या राजगडाकडे वळू. त्याची उंची १३७६ मीटर. ७६३१ वजा १३६७ म्हणजे ६२६४. पुढे ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४!

दोन वेगळे गड, दोन वेगळ्या उंची, पण पोहोचलो एकाच ठिकाणी. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता. आणि एकदा तिथे आलात की पुढे कितीही वेळा वजाबाकी करा, तिथून हलता येत नाही. या संख्येला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. आणि हे कापरेकर कोणी मोठ्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते बरं का! ते शाळामास्तर होते. आज त्यांच्याच आयुष्याची ओळख करून घेऊ.

जन्म आणि बालपण

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात येते. वडील कारकून होते. घरची परिस्थिती बेताची. दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना आई वारली आणि मुलाचा सांभाळ वडिलांकडे आला.

वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. आता ज्योतिष खरे की खोटे हा वाद आपण इथे नको घालूया. पण पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. बेरजा, वजाबाक्या, भागाकार, बाक्या. वडिलांच्या शेजारी बसून मुलगा हे सगळे बघत राहिला. ग्रहांपेक्षा त्याला आकडेच जास्त आवडले. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. तिथे अवघड गणिताला सोपी, आखूड वाट शोधायची आणि संख्यांची कोडी सोडवत तासन् तास बसायचे, ही सवय त्यांना लागली ती कायमची.

फर्ग्युसनमधली वर्षे

१९२३ साली ते पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नव्या कामासाठी हे पारितोषिक असे. परांजपे म्हणजे दापोलीजवळच्या मुर्डी गावचे सुपुत्र. १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या नावाचे पारितोषिक मिळणे ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती.

१९२९ साली कापरेकर मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले आणि त्यांचे औपचारिक शिक्षण तिथेच थांबले. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, परदेश तर नाहीच नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आयुष्यभर हीच गोष्ट त्यांच्या आड आली.

देवळालीचे मास्तर

१९३० साली ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक म्हणून लागले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. सलग बत्तीस वर्षे! देवळाली म्हणजे लष्करी छावणीचे गाव. ते नोकरीला लागले तेव्हा आपले भोर अजून संस्थान होते. १९४८ साली ते विलीन झाले, तेव्हाही कापरेकर मास्तर देवळालीच्या वर्गात फळ्यापुढे उभेच होते.

दिवसा शाळा, उरलेल्या वेळात संख्या. त्यांच्याकडे यंत्र नव्हते, मोठे ग्रंथालय नव्हते. होते ते कागद, पेन्सिल आणि चिकाटी. संख्यांमध्ये हा माणूस इतका रमायचा की लोक त्यांना गणितानंद म्हणू लागले.

त्यांचे लक्ष कुठे जाईल याचा नेम नसे. मुंबईच्या अलीकडे जी.आय.पी. रेल्वेवर डोंबिवली स्टेशन आहे, त्याला तेव्हा डेम्लो असेही म्हणत. तिथे त्यांना एका संख्याप्रकाराची कल्पना सुचली आणि त्यांनी त्या संख्यांना स्टेशनचेच नाव देऊन टाकले : डेम्लो संख्या. त्यातला सर्वांत देखणा नमुना बघा.

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करत नऊ एकांचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ मिळतो. गड चढावा आणि पलीकडून उतरावा तसे अंक चढतात आणि उतरतात.

आनंद देणाऱ्या संख्या

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटले. हर्ष देणारी ती हर्षद. आता आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. वेल्ह्याचा पिनकोड ४१२२१२. अंकांची बेरीज १२. आणि ४१२२१२ भागिले १२ बरोबर ३४३५१, बाकी शून्य! म्हणजे वेल्ह्याचा पिनकोड हर्षद आहे. भोरकरांनो, तुमचा ४१२२०६. अंकांची बेरीज १५. भागून बघा, बाकी ६ उरते. तुमचा पिनकोड हर्षद नाही. पण नाराज होऊ नका, पुढे तुमचीही पाळी येणार आहे.

त्यांच्या नावाच्या कापरेकर संख्याही आहेत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा : २० आणि २५. बेरीज ४५. मूळ संख्या परत मिळाली. (इथे मूळ म्हणजे आपण ज्या संख्येपासून सुरुवात केली ती. गणितातली मूळ संख्या पुढे येते आहे, गोंधळ नको.) तसेच २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ बरोबर २९७.

६१७४ चा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९५५ मध्ये तो स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकी नियतकालिकात छापून आला.

स्वयंभू संख्या

आता येतो या पाठाचा गाभा. जरा सावकाश वाचा.

कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १२ घेतले तर १ + २ = ३, म्हणून १५ मिळाले. १५ चे २१. २१ चे २४. अशी साखळी पुढे पुढे वाहत जाते. १२ ला आपण १५ चा जनक म्हणू.

या साखळ्या आपल्याकडच्या नद्यांसारख्या आहेत. वेळवंडी वेगळी उगम पावते, गुंजवणी वेगळी, पण शेवटी दोघीही नीरेला मिळतात. तसेच ९१ पासून ९१ + १० = १०१ मिळते आणि १०० पासूनही १०० + १ = १०१ च मिळते. दोन ओढे, एक संगम.

पण प्रत्येक नदीला कुठेतरी उगम असतो. डोंगरात एक झरा असतो आणि त्याच्या वर काहीच नसते. संख्यांमध्येही असे झरे आहेत का? म्हणजे ज्यांना जनकच नाही, अशा संख्या? आहेत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या शंभरच्या आतल्या तेरा संख्या तशा आहेत. यांना इंग्रजीत सेल्फ नंबर म्हणतात, आपण स्वयंभू म्हणू. देवळालीत शोध लागला म्हणून यांना देवळाली संख्या असेही नाव आहे. अशा संख्या कधी संपत नाहीत, त्या अनंत आहेत, हे कापरेकरांनी दाखवले. १९६३ साली या विषयावर त्यांनी देवळालीहून एक पुस्तिका काढली.

एखादी संख्या स्वयंभू आहे हे ओळखायचे कसे? तिच्याआधीच्या सगळ्या संख्या तपासत बसायच्या का? नाही. इथे शाळेतला नऊचा नियम कामाला येतो. संख्येला ९ ने भागून जी बाकी येते तीच बाकी तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागूनही येते.

समजा ९७ ला जनक आहे. जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज मिळून ९७ होतात. दोघांची ९ ने भागल्यावरची बाकी सारखीच. म्हणजे अंकांच्या बेरजेची दुप्पट केली तर तिची बाकी ९७ च्या बाकीइतकी, म्हणजे ७ यायला हवी. दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त १८. त्यात ही अट पाळणाऱ्या बेरजा दोनच : ८ आणि १७. (८ ची दुप्पट १६, बाकी ७. १७ ची दुप्पट ३४, बाकी ७.)

आता तपासा. ९७ वजा ८ म्हणजे ८९. त्याच्या अंकांची बेरीज १७, ८ नाही. ९७ वजा १७ म्हणजे ८०. त्याच्या अंकांची बेरीज ८, १७ नाही. दोन्ही नापास. म्हणून ९७ ला जनक नाही. ९७ स्वयंभू आहे!

आणि भोरकरांनो, ही घ्या तुमची पाळी. ४१२१८५ च्या अंकांची बेरीज २१. दोन्ही मिळवा. ४१२२०६! भोरच्या पिनकोडचा जनक सापडला. वेल्ह्याचा जनक ४१२१८८, अंकांची बेरीज २४. दोघांच्या जनकांत फरक फक्त तीनचा. शेजारीच म्हणायचे.

मूळ संख्यांशी नाते

जिला १ आणि ती स्वतः सोडून कोणीही भागत नाही ती मूळ संख्या, हे तुम्ही शिकला आहात. आता एक प्रश्न. मोठी मूळ संख्या हर्षद असू शकेल का? विचार करा. हर्षद व्हायचे तर अंकांच्या बेरजेने भाग जायला हवा. पण मूळ संख्येला भागणारे दोनच : १ आणि ती स्वतः. दोन किंवा जास्त अंकांच्या संख्येत अंकांची बेरीज त्या संख्येपेक्षा लहानच असते. ती बेरीज १ असेल तर संख्या १०, १००, १००० अशी असते, आणि त्या मूळ नाहीत. म्हणून २, ३, ५, ७ सोडून कोणतीही मूळ संख्या हर्षद नसते. एका ओळीच्या विचारात अनंत संख्यांचा निकाल लागला!

नुसत्या एकांच्या संख्यांचे मात्र वेगळे आहे. ११ ही मूळ. १११ नाही, कारण ३ × ३७. ११११११ तर नाहीच. पण एकोणीस वेळा १ लिहा, ती मूळ संख्या आहे! तेवीस वेळा लिहा, तीही मूळ. त्यानंतर एकदम ३१७ एक. त्यापुढे १०३१ एकांची संख्या मूळ आहे हे विल्यम्स आणि डबनर यांनी १९८६ मध्ये सिद्ध केले. मधल्या एकाही जागी तसे होत नाही.

स्वयंभू आणि मूळ मात्र एकत्र येऊ शकतात. शंभरच्या आत ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७ या सहा संख्या स्वयंभूही आहेत आणि मूळही. पुढे २११, २३३ अशा आणखी मिळतात.

उपेक्षा

आता थोडे कडू वाचायला लागेल. कापरेकरांच्या कामाला आपल्या देशातल्या बऱ्याच गणितज्ञांनी महत्त्व दिले नाही. त्यांना हे काम क्षुल्लक वाटले, नुसता अंकांचा खेळ. हे मत अगदीच निराधार होते असे मी म्हणणार नाही. कापरेकरांचे बरेचसे शोध दशमान पद्धतीत आपण अंक कसे लिहितो यावर उभे आहेत, आणि त्यातून गणिताचे मोठे सिद्धांत काही निघाले नाहीत. पण नवा, स्वच्छ प्रश्न विचारता येणे हीसुद्धा एक देणगी असते, आणि ती पदवीवर अवलंबून नसते.

मोठी नियतकालिके लेख घेत नसत, म्हणून ते लहान ठिकाणी लिहीत राहिले. पुस्तिका पदरच्या पैशाने छापल्या. परिषदांना जात राहिले. निवृत्तीनंतर हातात पडणारे पेन्शन तुटपुंजे होते. १९६६ साली पत्नी वारल्या. पोटासाठी या माणसाला गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकर आणि त्यांच्या संख्यांबद्दल लिहिले. तेव्हा कुठे जगाला देवळालीचे मास्तर कळले. त्यांचे वय तेव्हा सत्तर होते.

नावांचीही गंमत झाली, आणि थोडा अन्यायही. स्वयंभू संख्यांचा प्रश्न १९७४ मध्ये कोलंबियातल्या बर्नार्डो रेकामान यांनी मांडला, म्हणून त्यांना कोलंबियन संख्या असे दुसरे नाव पडले. हर्षद संख्यांना १९७७ नंतर अमेरिकी गणितज्ञ इव्हान निव्हेन यांच्यावरून निव्हेन संख्या म्हणू लागले. यात कोणाची लबाडी नव्हती. पण छोट्या गावात छापलेली पुस्तिका किती दूर पोहोचते, याचे हे उत्तर आहे. म्हणून मुलांनो, वहीत निव्हेन संख्या हा शब्द आला तर कंसात हर्षद लिहायला विसरू नका.

बहात्तर लाख अंक

कापरेकर १९८६ साली देवळालीत वारले. वय ८१. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण संपली नाही.

मे २००४ मध्ये एक प्रचंड मूळ संख्या सापडली. २ ला २ ने गुणत जायचे, असे २,४०,३६,५८३ दोन एकत्र गुणायचे आणि शेवटी १ वजा करायचा. अशा मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. जगभरातले हौशी लोक आपापल्या संगणकावर त्या शोधत असतात. या संख्येत ७२,३५,७३३ अंक आहेत. एका पानावर तीन हजार अंक बसवले तरी ती लिहायला २४०० पेक्षा जास्त पाने लागतील.

२००६ साली ल्यूक पेबडी यांनी दाखवले की ही संख्या स्वयंभू आहे. म्हणजे एवढ्या अवाढव्य मूळ संख्येला जनक नाही! तेव्हा माहीत असलेल्या स्वयंभू मूळ संख्यांमध्ये ती सर्वांत मोठी ठरली.

आता ९७ चे उदाहरण पुन्हा आठवा. एवढ्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त साडेसहा कोटींच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे जनक असलाच तर तो या संख्येच्या साडेसहा कोटी मागेपर्यंतच कुठेतरी. त्यातही नऊच्या नियमामुळे दर नऊमध्ये एकच तपासायचा. राहिले सुमारे बहात्तर लाख, जवळजवळ अंकांच्या संख्येइतकेच. माणसाला अशक्य, संगणकाला शक्य. पण प्रश्न कोणाचा? शाळा सुटल्यावर कागद घेऊन बसणाऱ्या एका मास्तरांचा. तपासायची वाटही त्यांनीच दाखवलेली. तेव्हा त्यांना जाऊन वीस वर्षे झाली होती.

या पाठातून काय घ्यायचे?

भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या शाळांमधून अनेक मुले असे म्हणताना ऐकतो की गणित पुण्या-मुंबईच्या मुलांचे, क्लासवाल्यांचे काम. त्यांना कापरेकरांची वही आठवून द्यावीशी वाटते. त्या वहीला नेटवर्क लागत नव्हते, एस.टी. चुकली तरी ती अडत नव्हती. मान मिळायला त्यांना सत्तरीपर्यंत थांबावे लागले, हे खरे आहे आणि ते चांगले झाले नाही. पण त्यांनी आनंद मात्र उधार ठेवला नाही, तो ते रोज घेत राहिले.

करून पाहा

१. तुमच्या जन्मसालापासून सुरुवात करून ६१७४ पर्यंत पोहोचा. किती पायऱ्या लागल्या?
२. तीन अंकी संख्यांवर हीच कृती करा (अंक सगळे सारखे नकोत). शेवटी कोणती संख्या मिळते?
३. तुमच्या गावचा पिनकोड हर्षद आहे का ते तपासा.
४. ३१ ही संख्या स्वयंभू आहे हे ९७ च्या पद्धतीने दाखवा.
५. २०० ते ३०० मध्ये स्वयंभू मूळ संख्या किती? दोन वर दिल्या आहेत, आणखी एक शोधा.

उत्तरे वहीत लिहून उद्या वर्गात आणा. चूक आली तरी चालेल, पण वही कोरी नको.